शिक्क्याच्या जागी सुपारी

१

विनीताच्या देवघरातून शिक्का गेला तो दसऱ्याच्या सकाळी, आणि चोरानं जाताना त्याच्या जागी एक सुपारी ठेवली. वर चार अक्षताही वाहिल्या. मी अख्खी नोकरी विमा कंपनीत चोरीचे क्लेम तपासण्यात घालवली. न्यू जर्सीतले खरे चोर पाहिले, खोटे पाहिले, स्वतःचंच घर फोडून बोंब मारणारेही पाहिले. पण देवाची परवानगी घेऊन चोरी करणारा हा पहिलाच.

फोन आला तेव्हा मी आयसेलिनला माझ्या घरी श्रीखंडाचा चक्का फेटत होते.

"उत्तरा, आत्ताच्या आत्ता ये," विनीता म्हणाली. "आणि पोलिसबिलिस नको. मला माझा शिक्का हवाय, रिपोर्ट नकोय."

चक्का तसाच फ्रिजमध्ये ढकलला आणि एडिसनला तिच्याकडे गेले. ती देवघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. विनीता बायोमेडिकल इंजिनियर, सत्तरीला टेकलेली, माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. अडून बसली तर ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही.

खंडेनवमीला घरातली अवजारं पाटावर मांडून पुजायची आणि दसऱ्याला उत्तरपूजा करून उचलायची, तोवर कशाला हात लावायचा नाही, हा तिच्या माहेरचा रिवाज. पाटावर सगळं कालच्यासारखंच होतं. तिची स्क्रूड्रायव्हरची पेटी, नवऱ्याचा स्टेथोस्कोप, मुलाचा लॅपटॉप आणि गाडीची किल्ली, बहिणीची कात्री. मधोमध जिथे शिक्का होता तिथे सुपारी.

आता हा शिक्का काय, ते सांगायला हवं. चीनमध्ये कंपनीच्या कागदावर सहीपेक्षा शिक्क्याला मान. तो गोल लाल शिक्का उमटला की कंपनी बोलली. नाही उमटला, तर तुम्ही कितीही सह्या करा, विचारतो कोण? विनीतानं तिथे मिस्टर फांग नावाच्या भागीदाराबरोबर एक कारखाना काढला होता. नवजात बाळांना ऊब देणारे पाळणे तिथे बनायचे. डिझाइन तिचं, शिक्काही तिच्या ताब्यात.

गेल्या वर्षी एका खेपेतल्या पाळण्यांचे थर्मोस्टॅट अडकायला लागले. पाळणा तापायचा तो तापतच राहायचा. विनीतानं त्या मालाच्या दाखल्यांवर शिक्का मारायला नकार दिला. फांगनं बोर्डाची बैठक बोलावून तिला बाहेर काढलं. ती शिक्का पर्समध्ये टाकून एडिसनला निघून आली. माल गोदामात अडकला आणि फांग कोर्टात गेला.

"निकाल त्याच्या बाजूनं लागला, आणि कोर्टाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही," विनीता म्हणाली. "मी आता संचालक नाही. शिक्का कंपनीचा आहे. कागदावर त्यांचं बरोबर आहे. पण मी तो दिला तर फांग त्याच दिवशी दाखल्यांवर मारेल आणि ते पाळणे हॉस्पिटलांत जातील. पुढच्या महिन्यात तिथल्या तपासणी खात्याचे लोक माल बघणार आहेत. मी साक्षीला जाणार आहे. तोपर्यंत मी शिक्का देत नाही म्हणजे नाही."

"आणि नाही दिलास तर?"

"कोर्टानं शेवटचं विचारलंय. शिक्का माझ्याकडे आहे की नाही, लेखी कळवा. आज संध्याकाळपर्यंत."

आणि आजच शिक्का गेला होता.

२

नाही दिला तर काय, हे मला तिच्या मुलानं सांगितलं. ओजस इथेच जन्मलेला, वकील. आईवर चिडून किचनमध्ये येरझाऱ्या घालत होता.

"मावशी, धिस इज नॉट सिव्हिल एनीमोअर," तो म्हणाला. "चायनामध्ये कोर्टाचं जजमेंट पाळलं नाही की क्रिमिनल केस होते. पाळायची ॲबिलिटी आहे आणि तरी रिफ्यूज केलं, तर तीन वर्षांपर्यंत जेल. फार सीरियस वाटलं तर तीन ते सात. आई इथे बसली असती तर एक वेळ ठीक होतं. पण तिला साक्षीला तिकडेच जायचंय! एअरपोर्टवरच धरतील तिला."

"पाळायची ॲबिलिटी म्हणजे?"

"म्हणजे शिक्का हातात हवा ना. हातातच नसेल, तर देणार काय? मग क्राइमच होत नाही."

तो येरझाऱ्या घालता घालता थांबला. माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"तुला वाटतंय मी घेतला?"

"मला अजून काहीच वाटत नाही, राजा. पाटावर काय बघितलंस ते सांग."

"सगळं सेम होतं. फक्त सील नव्हतं आणि तिथे कुणीतरी नटमेग ठेवलंय. व्हाय नटमेग? श्रीखंडासाठी आणलेलं का?"

सुपारीला जायफळ म्हणणाऱ्या या मुलाला मी मनातल्या मनात सोडून दिलं. वकील असला तरी एवढा नट नाही तो.

पण त्यानं सांगितलेली गोष्ट मला कामाची वाटली. शिक्का गेला, तर विनीता सुटते. म्हणजे चोर तिला जीव लावणारा असू शकतो. हे मी विनीताला म्हटलं, तर तिनं नकारार्थी मान हलवली.

"अर्धंच बघतेयस तू. हरवलेल्या शिक्क्याच्या जागी नवा कोरून घेता येतो. पण त्यासाठी जुना हरवलाय असं जाहीर करावं लागतं, आणि तो हरवलेला नाही, माझ्याकडे आहे, असं मी लिहून कळवलेलं आहे. म्हणून तर फांग अडकलाय. मी आज 'शिक्का गेला' असं लिहिलं की मी सुटेन आणि फांगही सुटेल. आठवड्यात नवा शिक्का, आणि पाळणे रवाना."

म्हणजे चोर तिचा वैरी असू शकत होता आणि तिचा सखाही. दोघांनाही तीच चोरी सोयीची होती. असा क्लेम माझ्या टेबलावर कधी आला नव्हता.

मी धाकट्या बहिणीला, सुलेखाला गाठलं. ती नवरात्रासाठी नागपूरहून आलेली, अमेरिका पहिल्यांदाच बघत होती. नऊ दिवस देवापुढचा अखंड दिवा तिनंच सांभाळला. डोळे रडून लाल झाले होते.

"सगळे मलेच विचारून राहिले," ती म्हणाली. "देवाधर्माचं मीच करते ना, मग अक्षता मीच वाहिल्या असतील! ताईच्या पुजेतली वस्तू मी काहून उचलू हो?"

"तू उचललीस असं नाही म्हणत. शेवटचा कधी बघितलास?"

"झोपायच्या आधी दिव्यात तेल घातलं तेव्हा होता. राजेशभाऊ जेवून गेले, त्याच्या नंतरची गोष्ट आहे ही. सकाळी आंघोळ करून आली तर नव्हता."

राजेश म्हणजे घरोब्यातला माणूस. ओक ट्री रोडवर त्याचं पूजासाहित्याचं दुकान आहे आणि त्यातल्या समया, माळा, निरांजनं बहुतेक सगळी चीनहून येतात. आपले देव कुठल्या कंटेनरमधून आले हे गिऱ्हाइकानं विचारू नये, एवढीच त्याची अपेक्षा. तो काल रात्री जेवायला होता. पण तो गेल्यावरही शिक्का जागेवर होता आणि घराला अलार्म लावलेला होता. म्हणजे हात घरातलाच.

"सुलेखा, ही सुपारी बघून तुला काय वाटतं?"

"मले काहीच समजत नाही. उत्तरपूजा करायची तर अक्षता वाहून सगळी मांडणी हलवतात. एकच वस्तू कोणी उचलत नाही. अन् उचलल्यावर तिथं सुपारी? असं मी जन्मात ऐकलं नाही."

एवढ्यात विनीताचा फोन वाजला. फांगच्या वकिलाची ईमेल होती. तिनं वाचली आणि फोन माझ्या हातात दिला.

'शिक्का आपल्या ताब्यात राहिला नसल्याचे आम्हाला समजले आहे. कृपया एका ओळीत दुजोरा द्यावा. आपल्यावरील फौजदारी तक्रार मागे घेण्याचा आम्ही विचार करू.'

शिक्का गेल्याचं घरातल्या चौघांना आणि मला, एवढ्यांनाच माहीत होतं. आणि पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाला फांगलाही.

३

चौथा माणूस म्हणजे विनीताचा नवरा, नरेंद्र. निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्यभर ऑपरेशन टेबलाच्या डोक्याशी बसून माणसं जिवंत ठेवली आणि त्या भरवशावर देवाला रजा दिली. पूजाअर्चेची टिंगल हा त्याचा छंद. विनीतानं आरती म्हटली की हा टीव्हीचा आवाज वाढवतो.

तो सनरूममध्ये पेपर समोर धरून बसला होता. पेपर वाचत नव्हता, एवढं मला दारातूनच दिसलं.

"या, डिटेक्टिव्ह," तो म्हणाला. "हातकड्या आणल्यात?"

"गाडीत आहेत. तुला काय वाटतं, कुणी नेला?"

"कुणीही नेला असेल, त्याचं भलं होवो. उत्तरा, तू तिला सांग. तुझं ऐकेल ती. लिहून टाक म्हणावं, शिक्का गेला. संपलं. या वयात तिला चिनी तुरुंगात जायचंय? तिला बीपी आहे. रात्री दोनदा उठते. तिथे तिची गोळी कोण देणार?"

बोलताना त्याचा आवाज कापला. मी हा माणूस इतक्या वर्षांत घाबरलेला पाहिला नव्हता.

"आणि पाळणे?"

"पाळणे, पाळणे!" त्यानं पेपर आपटला. "जगातली सगळी बाळं हिच्याच पदरात टाकलीयत का कुणी?"

मी पेपर उचलून त्याच्या हातात दिला. मग सहज म्हटलं, "ती सुपारी मात्र कळत नाही रे. कुणी ठेवली असेल?"

"जागा रिकामी नको म्हणून ठेवली असणार," तो म्हणाला. "नसलेल्याच्या जागी ठेवतात की सुपारी."

मी हो म्हटलं आणि बाहेर आले. पण नऊ दिवस दिव्याला जपणाऱ्या बाईनं जे जन्मात ऐकलं नव्हतं, ते टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्याला बरं माहीत होतं.

किचनच्या ओट्यावर झेंडूच्या फुलांची पिशवी पडून होती. फुलं ताजी होती, पिशवी कुणी उघडलीही नव्हती.

"ही कुणी आणली?" मी विचारलं.

"भाऊजींनी," सुलेखा म्हणाली. "सकाळी सकाळी स्वतः जाऊन घेऊन आले. मी म्हटलं, कालच तर एवढे हार आणले, तोरणं लावून झाली. तर म्हणाले, असू दे, दसरा आहे."

पिशवीवर राजेशच्या दुकानाचं नाव छापलेलं होतं. पूजेच्या फुलांना निसर्गाची नासाडी म्हणणारा माणूस भल्या सकाळी गाडी काढून फुलं आणायला जातो, तेव्हा तो फुलांसाठी गेलेला नसतो.

मी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बोलावलं.

४

"चोर घरातला आहे," मी सांगितलं. "आणि त्याला शिक्का नकोच होता, त्याला विनीता वाचवायची होती. ओजसनं नाही घेतला, त्याला सुपारी ओळखू येत नाही."

"व्हॉट? ते नटमेग नाहीये?" ओजस म्हणाला.

"सुलेखानंही नाही. तिला पूजा नीट येते. तिनं हात घातला असता तर सगळी मांडणी रीतसर उचलली असती. चोरानं एकाच वस्तूची उत्तरपूजा केली, आणि वर तिथे सुपारीही ठेवली. ज्याला पूजा अर्धवट माहीत आहे, दुरून बघून बघून, असा माणूस हे करतो. आणि सुपारीचं म्हणाल, तर पूजेला बसणाऱ्याची बायको हजर नसेल तर तिच्या जागी सुपारी ठेवतात. हे घर घेतलं तेव्हा विनीता चीनमध्ये होती. वास्तुशांतीला नवरा एकटा बसला होता. गुरुजींनी त्याच्या कनवटीला सुपारी खोचली, ती सुटून सोफ्याखाली गेली, आणि आम्ही सगळे हसून हसून पडलो. ओजस तेव्हा कॉलेजला लांब होता. सुलेखा नागपूरला. माणूस आयुष्यात एकदाच पूजेला बसला आणि तेवढंच शिकला."

नरेंद्र टेबलाकडे बघत होता.

"तू?" विनीता म्हणाली.

"मी," तो म्हणाला.

"तुझा तर देवावर विश्वास नाही!"

"माझा नाही. तुझा आहे ना. तू मांडलेल्या पूजेतून मी तसंच ओरबाडून नेऊ? मला नाही जमलं ते." त्यानं चष्मा काढला. "काय म्हणायचं ते येत नव्हतं. तू करतेस तशा अक्षता टाकल्या. जागा रिकामी दिसायला लागली, बघवेना. म्हणून सुपारी ठेवली."

सुलेखानं पदर डोळ्याला लावला. मला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. पण विनीता विरघळणारी नव्हती.

"शिक्का कुठाय, नरेंद्र?"

"राजेशकडे."

"राजेशकडे?"

"त्यानंच सांगितलं मला. शिक्का घरातच लपवला तर तू शोधून काढशील. म्हणाला, माझ्याकडे द्या डॉक्टर, वहिनी हरवला म्हणून लिहितील आणि केस उडेल. ओजस म्हणाला तेच. पाळायची ताकद नसली की गुन्हा नाही."

"आणि शिक्का हरवला की फांगला नवा कोरता येतो, हे सांगितलं का त्यानं?"

नरेंद्रनं मान वर केली. त्याला ते कुणीच सांगितलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तो आपला आंधळा दळत होता, आणि पीठ खाणारा ओक ट्री रोडवर बसला होता.

"सकाळी शिक्का देऊन मी घरी पोहोचलो, तोच त्याचा फोन आला," तो हळूच म्हणाला. "विचारत होता, वहिनींना कळलं का? मी म्हटलं, हो, गेल्याचं कळलंय. बास, एवढंच."

तेवढंच पुरलं होतं. फांगची ईमेल कुठून आली ते आता सगळ्यांना कळलं.

विनीता उठली. "गाडी काढ, ओजस."

"आई, लेट मी हँडल—"

"गाडी काढ म्हटलं ना!"

५

दसऱ्याची गर्दी होती. राजेशच्या दुकानात हारांच्या ढिगापुढे माणसांची रांग, पार्किंगला जागा नाही. ओजसनं गाडी आगीच्या बंबांसाठी मोकळ्या ठेवायच्या हायड्रंटसमोरच लावली आणि आम्ही चौघे आत घुसलो. सुलेखा दिव्यापाशी घरीच थांबली होती.

राजेशनं आम्हाला बघितलं आणि तोंडभर हसला. चोराच्या मनात चांदणं असतंच, पण ह्याच्या तर कपाळावर पडलं होतं.

"या या वहिनी! दसऱ्याच्या शुभेच्छा!"

"शिक्का दे, राजेश," विनीता म्हणाली.

त्यानं आम्हाला घाईघाईनं मागच्या गोडाउनमध्ये नेलं. चारही बाजूंना खोकी, प्रत्येकावर चिनी अक्षरं.

"वहिनी, मी जे केलं ते तुमच्या भल्यासाठी," तो म्हणाला. "विचारा डॉक्टरांना. यार, काय ठेवलंय त्या शिक्क्यात? फांग म्हणतो, मॅटर क्लोज करू, केस विथड्रॉ करू. सगळे सुखी."

"फांग तुला म्हणतो? तुझं त्याचं बोलणं कधीपासून?"

"अहो, तिथे धंदा करायचा म्हणजे ओळखी लागतात. माझा माल त्याच्या भावाच्या गोदामातून येतो. त्यानं रिक्वेस्ट केली, मी हेल्प केली. आणि ऑनेस्टली, शिक्का आता माझ्याकडे नाहीच आहे."

मी त्याच्याकडे बघत होते. खोटं बोलणारा माणूस लपवलेल्या वस्तूकडे बघत नाही, असं लोक म्हणतात. उलट आहे. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहतो. राजेश बोलता बोलता सरकत टेबलाच्या खणासमोर जाऊन उभा राहिला होता.

मी काही बोलायच्या आत विनीतानं पर्समधून फोन काढला.

"ठीक आहे. मला आज कोर्टाला उत्तर द्यायचंय. मी खरं तेच लिहिते. शिक्का सध्या राजेश यांनी लपवून ठेवला आहे. पूर्ण नाव, दुकानाचा पत्ता. ओजस, मदत करणाऱ्याचं काय म्हणतो कायदा?"

ओजसचा चेहरा उजळला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याची आई त्याला कायदा विचारत होती.

"बाहेरचा माणूस, केसशी संबंध नाही, पण जजमेंट चुकवायला ठरवून मदत केली, वस्तू लपवली, तर तो को-अक्यूज्ड," तो म्हणाला. "सेम क्राइम. सेम जेल. राजेशकाका, यू प्लॅन्ड इट विथ बाबा. फोन रेकॉर्ड्स असतील."

"अरे पण मी तर फांगच्याच बाजूनं—"

"मग कोर्टात फांगला उभा कर आणि म्हणायला लाव की त्यानंच तुला शिक्का लपवायला सांगितला," विनीता म्हणाली. "म्हणेल तो?"

राजेशच्या कपाळावर घाम आला. आगीतून निघून फुफाट्यात पडलो, हे त्याला आता कळलं.

"वहिनी, मला पुढच्या महिन्यात ग्वांगझौला जायचंय! माल बुक केलाय दिवाळीचा!"

"मलाही जायचंय पुढच्या महिन्यात. बरोबरच जाऊ. स्पेलिंग सांग तुझ्या पासपोर्टवरचं."

ती खरंच टाइप करायला लागली. राजेशनं तिच्या बोटांकडे बघितलं, नरेंद्रकडे बघितलं. नरेंद्रनं त्याच्याकडे पाठ केली. मग राजेशनं खण उघडला, कापराच्या डब्यामागे हात घातला आणि शिक्का काढून टेबलावर ठेवला. त्याला कालचं हळदकुंकू अजून लागलेलं होतं.

"इतक्या वर्षांची ओळख आपली, वहिनी," तो पुटपुटला. "जेवलोय तुमच्याकडे."

"हो ना," विनीता म्हणाली. "कालच."

बाहेर आलो तेव्हा काचेवर दंडाची पावती लागलेली होती. ओजसनं ती न वाचताच खिशात घातली.

६

घरी सुलेखानं रीतसर उत्तरपूजा केली. सगळी अवजारं उचलली. मग विनीता टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली आणि आम्ही तिच्याभोवती. बाहेर उजेड कमी व्हायला लागला होता.

"आई, एकदा विचार कर," ओजस म्हणाला. "तू खोटं न बोलताही सुटू शकतेस. आज काही तास शिक्का तुझ्या ताब्यात नव्हता, धिस इज ट्रू. तेवढंच लिही. पण 'माझ्याकडे आहे आणि देत नाही' असं लिहिलंस, तर त्यांना विटनेसची गरजच नाही. ताकद आहे आणि नकार आहे, दोन्ही तूच कबूल करतेस."

"तपासणी झाल्यावर दिला तर?"

"केस चालू असताना पाळलं तर कोर्ट सवलत देऊ शकतं. शकतं, आई. देईलच असं नाही."

"बघू मग."

ती टाइप करायला लागली. लिहीत होती इंग्रजीत, पण प्रत्येक ओळ मोठ्यानं मराठीत सांगत होती, म्हणजे नंतर कुणी म्हणू नये की आम्हाला माहीत नव्हतं.

"शिक्का माझ्याकडे आहे. निकाल मी वाचला आहे आणि तो मला समजला आहे. नकाराची शिक्षाही मला माहीत आहे. त्या पाळण्यांची तपासणी होईपर्यंत मी शिक्का देणार नाही. तपासणीच्या दिवशी मी स्वतः हजर राहीन, शिक्का माझ्याबरोबर असेल. ती झाल्यावर तो कंपनीनं न्यावा, आणि मला कुठे न्यायचं ते कोर्टानं ठरवावं."

ही बाई वेडी आहे, असं मला वाटलं, आणि आपण हिची मैत्रीण आहोत याचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम.

"झालं," ती म्हणाली आणि सेंडकडे हात नेला.

"थांब," नरेंद्र म्हणाला.

विनीताचा हात थांबला. "नरेंद्र, आता मला अडवू नकोस. सकाळी अडवलंस, माफ केलं. पुन्हा नाही करणार."

"अडवत नाहीये. सरक जरा."

तो तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत टाइप करायला लागला. भूलतज्ज्ञाचं हस्ताक्षर वाईट असतं, टायपिंग त्याहून वाईट. आम्ही वाकून वाचत होतो. 'मी तिचा नवरा. शिक्का कुठे आहे ते मला माहीत आहे. तो न देण्यात मी तिला ठरवून मदत करतो आहे.'

"बाबा, नो!" ओजस ओरडला. "ज्याला राजेशकाका घाबरले तोच हा क्लॉज आहे! यू आर मेकिंग युवरसेल्फ को-अक्यूज्ड!"

"ऐकलंय मी. दुकानात तिथेच उभा होतो."

"मग?"

"मग काय? हिला एकटीला तिथे पाठवून मी इथे पेपर वाचू?" नरेंद्र म्हणाला. "नवजात बाळांना भूल दिलीय मी. तळहातावर मावतात. तापलेल्या गादीवरून त्यांना सरकताही येत नाही, ओरडायलाही ताकद नसते. सकाळी मी ते विसरलो होतो. भीतीनं माणूस काहीही विसरतो." त्यानं ओजसकडे बघितलं. "दोन तिकिटं काढ. मला आइल सीट. गुडघा वाकत नाही."

विनीता त्याच्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरले होते, पण ती रडणाऱ्यातली नाही.

"तू मराठीत लिहिलंयस," ती शेवटी म्हणाली. "तिथल्या कोर्टाला कळणार कसं?"

"मग हो बाजूला."

नरेंद्रनं पुन्हा पहिल्यापासून, इंग्रजीत, एका बोटानं सगळं लिहून काढलं. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं, पासपोर्टवर आहे तसं. आणि विनीताचा हात पोहोचायच्या आत त्यानंच सेंड दाबलं.